बिशपला खायला घातलं कुणी?

कुणी विश्वास ठेवला असेल तर शपथ! एकानं सुद्धा नाही हो! तुम्हाला सांगते, मी बावन्न वर्षांची बाई, चौथीपर्यंत शिकलेली, ह्या अर्धवट पुलाखाली नऊ वर्षं काढली, शिव्या देते, हो देते, भांडते, वेळ पडली तर दगड उचलते... पण खोटं? खोटं बोलायला डोकं लागतं, कुणाला काय सांगितलं ते लक्षात ठेवावं लागतं, एवढी फुरसत आहे कुणाला? तरी सगळं जग एका बाजूला आणि मी एका बाजूला, आणि जग म्हणतंय काय, तर, "डल्सी, तूच घातलंस कुत्र्याला खायला!"

मी नाही घातलं हो!

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीही त्यांच्यासारखं तोंड वाकडं कराल. बिशप म्हणजे माझा कुत्रा. काळा कुळकुळीत, आणि गळ्याशी बरोब्बर पांढरा पट्टा, पाद्र्याच्या कॉलरसारखा, म्हणून बिशप. चेहरासुद्धा तसाच. समोरच्यानं काहीतरी पाप केलंय आणि ह्याला ते माहीत आहे, असा बघतो. सात वर्षं झाली, मी जिथे तो तिथे. लोक म्हणतात, निवाऱ्यात का जात नाहीस, डल्सी? गेले होते की! दारातली बाई म्हणाली, "तुम्ही आत या, कुत्रा बाहेर." मी म्हटलं, "असं करा, कुत्र्याला आत घ्या, मी बाहेर थांबते, त्याला वारा सोसत नाही." तर मलाच वेड्यात काढलं! आणि आमचा वारा तुम्हाला माहीत नाही. समुद्राकडून सुटला की माणसाच्या अंगावरची गोधडी नेतो आणि थेट डोंगरावर वाळत घालतो.

तर ह्या बिशपच्या पोटाखाली आली गाठ. आधी वाटाण्याएवढी. मी म्हटलं जाईल. मग लिंबाएवढी झाली. मग संत्र्याएवढी, आणि तो चालायला लागला की ती गाठ पण त्याच्याबरोबर चालायला लागली, डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे... माझा जीव खाली-वर! आणि मग ओपा क्लासीनं सांगितलं, आमचा म्हातारा, पलीकडच्या खांबाशी असतो, पूर्वी जहाजावर आचारी होता म्हणे, म्हणजे तो म्हणतो, की सॉल्ट रिव्हरला जुन्या गोदामाच्या आवारात दर गुरुवारी एक पांढरी गाडी येते, आमच्यासारख्यांच्या जनावरांना तपासते, कापते, शिवते, एक पैसा घेत नाही. मी म्हटलं, फुकट? फुकट देणारा नंतर काय मागेल सांगता येत नाही. पण गेले. गाठ संत्र्याएवढी झाली की माणूस जातो.

काय सांगू तुम्हाला ती रांग! एकजण टोपीत ससा घेऊन, एक बाई कोंबडी घेऊन, आणि कोंबडी अशी ऐटीत बसलेली की बाईलाच कोंबडीनं आणलंय असं वाटावं. आणि डॉक्टर कोण, तर एवढीशी पोर, नोमाखवेझी माबांदला नाव, आवाज असा मऊ की ओरडली तरी विचारपूस करतेय असं वाटतं. मला म्हणाली, "पत्ता?" मी म्हटलं, "अर्धवट पूल, तिसरा खांब." आता इथे सगळे हसतात. पोलीस हसतात, दवाखान्यातली नर्स हसते. हिनं लिहून घेतलं. वर विचारलं, "शहराकडून तिसरा की समुद्राकडून?" नऊ वर्षांत माझ्या पत्त्यात कुणी एवढं लक्ष घातलं नव्हतं. मी म्हटलं, "समुद्राकडून," आणि उगाच शेजारच्या कोंबडीवर ओरडले.

मग ती म्हणाली, "डल्सी आंटी, गाठ काढावी लागेल. पुढच्या गुरुवारी आणा. फक्त बुधवारी संध्याकाळपासून ह्याला काही खायला द्यायचं नाही. पोट रिकामं हवं."

अहो, रिकामं पोट! आमच्याकडे! ते काय मुद्दाम सांगून करावं लागतं का? मी म्हटलं, "डॉक्टर, दुसरं काही अवघड असेल तर सांगा."

बुधवारी मी पुलाखाली उभी राहून सगळ्यांना ओरडून सांगितलं, बिशप आजपासून उद्यापर्यंत उपाशी राहणार, कुणी तुकडा टाकला तर हात मोडून ठेवीन. सगळ्यांनी ऐकलं. माझं ओरडणं बंदरापर्यंत ऐकू जातं, ह्यांना नाही ऐकू येणार? आणि मी स्वतःही जेवले नाही. का? तर तो माझ्याकडे बघत होता म्हणून! त्या चेहऱ्यासमोर तुम्ही पाव खाऊन दाखवा.

गुरुवारी गेलो. डॉक्टरनं झोपेचं इंजेक्शन दिलं, बिशपनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा छताकडे बघितलं, आणि भडाभडा ओकला. आणि काय निघालं? शेवया!

"डल्सी आंटी, हे काय?"

"शेवया."

"ते मलाही दिसतंय."

आता शेवया आल्या कुठून? रमजान चालू होता, मशिदीची माणसं रोज संध्याकाळी मोठं पातेलं घेऊन येतात, शेवया घातलेलं गोड गरम दूध, बूबर म्हणतात आमच्याकडे, आणि पुलाखाली सगळ्यांना वाटतात, तुझा देव कुठला असं एका शब्दानं विचारत नाहीत. देव त्यांचं भलं करो, त्या बूबरवर मी दोन हिवाळे काढलेत. पण मी त्या दिवशी घेतलंच नव्हतं! मी शपथ घेतली, आईची घेतली, चर्चची घेतली, कुणी विश्वास ठेवला असेल तर शपथ!

डॉक्टर म्हणाली, "पोटात अन्न असलं आणि भुलीत उलटून फुप्फुसात गेलं, तर कुत्रं टेबलावरच जातं. आज नाही करता येणार." आणि तिथे रांगेतली नावं लिहायला एक गोऱ्या बाई बसतात, मिसेस पेनरोज, लोकरीचा झगा, चष्म्याला साखळी. त्या माझ्या हातावर हात ठेवून म्हणतात कशा, "होतं गं असं. माया असते ना. राहवत नाही, नाही का?"

तुम्हाला सांगते, आरोप परवडला! आरोप करणाऱ्याशी भांडता तरी येतं. ही बाई मला न केलेल्या गुन्ह्याची माफी देत होती! आणि ती घेऊन मी पुलाखाली परत!

मग मी तपास सुरू केला. पोलिसांनी माझा एवढ्या वेळा केलाय की मला सगळं येतं. आधी ओपा क्लासी. "ओपा, खरं सांग, तू घातलंस?" तर म्हातारा उसळला, "मी? मी माझ्यातलं माझ्या बायकोला कधी दिलं नाही, म्हणून तर ती गेली सोडून! आणि तुझ्या कुत्र्याला देईन?" हे मात्र पटलं. त्याच्या बायकोला मी ओळखत होते.

मग बूता गामात. बूता म्हणजे थोरला भाऊ, पण तो पुलाखाली सगळ्यांचाच बूता. पासष्टीचा माणूस, एक पाय अधू, पाच वेळा नमाज, रमजानचे सगळे रोजे. कुत्र्याला तो हात लावत नाही, त्याच्यात चालत नाही ते. बिशप जवळ आला की काठी आडवी धरतो, "थांब महाराज, तिथूनच बोला." म्हणजे ह्याच्यावर संशय घ्यायचा कसा? तरी विचारलं. तर दोन्ही हात वर करून म्हणाला, "डल्सी, रोज्याच्या वेळात मी त्याला एक दाणासुद्धा दिला असेल तर माझा दुसरा पायही जावो!" एवढी मोठी शपथ! मलाच लाज वाटली. म्हटलं, "बूता, माफ कर." तो म्हणाला, "केलं."

आणि हो, पुढच्या गुरुवारी मी मिसेस पेनरोजबाईंची पर्स उघडायला लावली. लावली, लावली, खोटं कशाला बोलू! आत कुत्र्याची अकरा बिस्किटं निघाली. मी म्हटलं, सापडली! तर प्रत्येक बिस्किट कागदात गुंडाळलेलं आणि वर लिहिलेलं, "शस्त्रक्रिया झाल्यावर." माझ्या बिशपच्या नावाचं पण होतं एक. मी पर्स बंद करून परत दिली. त्या पुढचं नाव लिहायला लागल्या. त्यांनी तेही माफ केलं असणार, त्या बाईचा काही नेम नाही.

तर दुसरा गुरुवार. बुधवारी मी दोरी आणली, एक टोक बिशपच्या गळ्यात, एक माझ्या कमरेला. आणि झोपले. आता माझी झोप म्हणजे... ओपा क्लासी म्हणतो, तू झोपलीस की आम्ही आधी नाकाशी आरसा धरून बघतो. पण दोरी होती ना! सकाळी उठले, दोरी जागेवर, कुत्रा जागेवर, गाठ जागेवर. छाती काढून गेले सॉल्ट रिव्हरला. इंजेक्शन. बिशपनं छताकडे बघितलं... मी म्हटलं, नको रे... नको... आणि बाहेर आला खिम्याचा गोळा! पावासकट!

अख्खी रांग माना लांब करून बघायला लागली. कोंबडीसुद्धा.

मी म्हटलं, "डॉक्टर, ते तुमच्या गळ्यातलं आणा इकडे." आणि तिची ती ऐकायची नळी ओढून मी माझ्या पोटावर लावली. "ऐका! ऐकू येतंय का काही? कालपासून पाण्यावर आहे मी! मला खिम्याचा गोळा मिळाला असता तर मी कुत्र्याला घातला असता का? मी खाल्ला असता!" तिनं खरंच ऐकलं हो. डोळे मिटून ऐकलं. म्हणाली, "आंटी, तुमचं पोट तर रिकामं आहे." पण बिशपचं भरलेलं होतं, त्याला काय करणार?

मग ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "आंटी, गाठ ताणली गेलीय. आता फुटायला आलीय. पुढचा गुरुवार शेवटचा, मग गाडी दोन महिने किनाऱ्यावरच्या दूरच्या गावांकडे जाते. दोन महिने हा थांबणार नाही." मी रडत नाही. वारा असतो, डोळ्यांत वाळू जाते. ती म्हणाली, "असं करू या. बुधवारी दुपारीच त्याला इथे सोडा, गाडी बुधवारीच येऊन आवारात उभी राहते, आत पिंजरा आहे, बाहेर पहारेकरी आहे. आम्ही सांभाळतो, गुरुवारी तुमच्या हातात देतो."

मी म्हटलं, नाही.

"का, आंटी?"

मी म्हटलं, "माझ्या दोन लेकी सरकारी माणसांनी अशाच, 'आठ दिवस सांभाळतो, मग परत देतो' म्हणून नेल्या. त्याला एकवीस वर्षं झाली."

तिनं हातातलं पेन उघडलं, बंद केलं, उघडलं. मग म्हणाली, "मग तुम्हीही या."

बघा आता! निवाऱ्याच्या दारात सात वर्षं जे मी ओरडून सांगितलं, ते हिनं तीन शब्दांत सांगून टाकलं. बुधवारी आम्ही दोघं गेलो. गाडीतच, पिंजऱ्याशेजारी, जमिनीवर गादी. वर छप्पर. चार बाजूंनी भिंत. वारा बाहेर आपटतोय आणि आत येत नाहीये, म्हणजे काय चैन! डॉक्टर घरी जाताना तिचा डबा देऊन गेली, मक्याचे दाणे आणि घेवडा, आणि मी बिशपसमोर कशी खाऊ? संडासात गेले, कडी लावली आणि उभ्यानं खाल्लं. बाहेर आले तर हा दाराशी नाक लावून बसलेला! समोरच्यानं पाप केलंय आणि ह्याला माहीत आहे... त्या दिवशी खरंच होतं.

गुरुवार उजाडला. रांग लागली. सात वाजले असतील. आणि फाटकातून कोण यावं? बूता गामात! अधू पाय ओढत, वाऱ्यात टोपी एका हातानं धरलेली, काखेत काठी, आणि दुसऱ्या हातात ताट, वर फडकं झाकलेलं. पुलापासून सॉल्ट रिव्हर म्हणजे चांगल्या पायाचा माणूससुद्धा दमतो! घामानं डबडबलेला, आणि मला बघून रडवेला झाला.

"डल्सी! अगं, कुठे नेलंस त्याला? तिसऱ्या खांबाशी बघितलं, चौथ्याशी बघितलं, ओपानं सांगितलं तेव्हा निघालो, आणि बांग होऊन गेली गं वाटेतच! सहरी हुकली त्याची!"

"कुणाची?"

"कुणाची काय? बिशपची! आज गुरुवार ना? रोजा आहे ना त्याचा?"

तुम्हाला सांगते, सगळी रांग आमच्याकडे वळली. ससा टोपीतून बाहेर आला. मी म्हटलं, "बूता... तू त्याला खायला घालत होतास?"

"खायला कसलं? सहरी! रोजा धरणाऱ्याला उजाडायच्या आत चार घास नकोत? माणूस असो की मुकं जनावर, कोरड्या पोटी दिवसभर कसा काढेल? तूच तर ओरडून सांगितलंस, हा उपाशी राहणार म्हणून. मी म्हटलं, वा! रमजानमध्ये! नाव बिशप आणि रोजा धरतो! मशिदीतसुद्धा सांगितलं मी, आमच्या पुलाखाली एक बिशप आहेत, गुरुवारचा रोजा करतात. त्यांनी सलाम सांगितलाय."

"आणि माझ्यासमोर शपथ घेतलीस ती?"

"खरी होती! उजाडल्यावर एक दाणा दिला नाही! तू झोपली होतीस, काठीनं ताट त्याच्यासमोर सरकवायचो, खायचा, आणि मग बांगेच्या आधी तोंड फिरवून गप बसायचा. असा शहाणा रोजेदार मी बघितला नाही."

रांग हसायला लागली. टोपीवाला ससा धरू की हसू अशा अवस्थेत. मिसेस पेनरोजबाई चष्मा काढून डोळे पुसत होत्या. आणि मी? माझ्या तोंडात असल्या असल्या शिव्या गोळा झाल्या होत्या की बंदरातल्या माणसांनी लिहून घेतल्या असत्या. दोन गुरुवार! खोटारडी म्हणून बघितली सगळ्यांनी मला! कुत्रा मरायला टेकला! मी तोंड उघडलं... आणि त्यानं ताटावरचं फडकं काढलं. ताटात मधोमध रेघ ओढलेली. अर्धं एका बाजूला, अर्धं एका बाजूला. दोन्ही तसंच. मी म्हटलं, "तू नाही खाल्लंस?"

"त्याला सोडून?" तो म्हणाला. "दोन गुरुवार बरोबर खाल्लंय आम्ही."

काय करायचं ह्या माणसाचं? मशिदीतून एका माणसाचं ताट मिळतं, एकाचं! मी उघडलेलं तोंड तसंच मिटलं. आजवर असं कधी झालं नव्हतं, जबडा दुखला.

बिशपचं पोट रिकामं होतं. दहाला टेबलावर घेतला. मी, बूता आणि मागून आलेला ओपा क्लासी, तिघं भिंतीवर ओळीनं बसलो, बूता कोरड्या तोंडानं पुटपुटत होता, मी पुटपुटत होते, ओपा म्हणाला, "मला एकही प्रार्थना येत नाही, मी नुसता बसतो." बसला. दोन तास बसला, एकदाही जहाजाची गोष्ट सांगितली नाही. त्याच्याकडून एवढं म्हणजे फार झालं.

बारा वाजता डॉक्टर दारात आली आणि म्हणाली, "निघाली. सगळी निघाली. वाईट जातीची नाही."

मी तिला काय म्हटलं असेल? "एवढा वेळ लागतो का?" असं म्हटलं! मला आभार मानता येत नाहीत हो, कुणी शिकवलंच नाही, मला फक्त ओरडता येतं. तिला कळलं असावं. म्हणाली, "हो आंटी, लागतो." आत बिशप जीभ बाहेर टाकून पडलेला, पोटाला टाके, आणि बूता गामात दारातूनच काठीनं खूण करून त्याला सांगत होता, "महाराज, आजारी माणसाला रोजा माफ असतो. आता टाके सुकेपर्यंत धरायचा नाही."

डॉक्टर हात धूत होती, कोपरापर्यंत साबण, तेवढ्यात तिचा फोन वाजला. मला म्हणाली, "आंटी, जरा धरता का कानाशी?" धरला. त्यांच्या वरच्या कचेरीतला माणूस होता, आवाज असा खणखणीत की मला सगळं ऐकू येत होतं. "दोन गुरुवार वाया गेले, भुलीचं औषध गेलं, दोन जनावरांची ऑपरेशनं त्या वेळेत झाली असती. अहवालात लिहायचंय, चूक कुणाची? त्या पुलाखालच्या बाईची ना? नाव सांगा तिचं, पुढच्या वेळेपासून यादीतून काढतो."

म्हणजे गाडी परत आली तरी नाही, पुन्हा गाठ आली तरी नाही! बूता मागून ओरडायला लागला, "माझं नाव सांगा, माझं!" ओपानं त्याचं तोंड दाबलं. मी फोन धरून उभी. बावन्न वर्षांत चूक कुणाची विचारलं की पुढे कुणाचं नाव येतं ते मला पाठ आहे, मी ऐकायला तयार होते.

डॉक्टर म्हणाली, "चूक सांगणाऱ्याची. पोट रिकामं का ठेवायचं ते पहिल्याच दिवशी, सगळ्या पुलाला बसवून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. लिहून घ्या."

म्हणजे बघा! दोन आठवडे मी गुन्हेगार शोधला, माणसांच्या पर्सा उघडल्या, आणि आता भांडायला एक माणूस शिल्लक ठेवलं नाही हिनं! पलीकडचा माणूस गोंधळला. "हॅलो? कुणाचं नाव लिहू? हॅलो, नाव सांगा!" तिनं तोंड उघडलं तर साबण गेला तोंडात, ती खोकायला लागली, आणि फोन तर माझ्याच हातात. मग काय करता? मीच सांगितलं, बंदरापर्यंत ऐकू जाईल असं, एकेक अक्षर सुटं करून. डॉक्टर नोमाखवेझी माबांदला.